परदेशी स्नेही आणि तुळशीची माळ

आपल्या वारकरी घरांतील मुले-मुली आज शिक्षणासाठी परदेशी जातात. पूर्वी ही गोष्ट एखाद्या वकिलाच्या किंवा सरदाराच्या घरी घडे. आता शेतकऱ्याचा मुलगाही बँकेचे कर्ज काढून जर्मनीला किंवा अमेरिकेला जातो. तेथे त्याला मित्र मिळतो. परक्या मुलखात, थंडीच्या दिवसांत, जो खोली शोधून देतो, आजारपणात उशाशी बसतो, तो मित्र पुष्कळदा ख्रिस्ती असतो. आणि एखादे दिवशी तो म्हणतो, “या रविवारी माझ्याबरोबर चर्चला चल. ज्याने मला आधार दिला त्या येशूविषयी तुला सांगावंसं वाटतं.”

मुलगा घरी फोन करतो आणि घरात दोन तट पडतात. आजोबा म्हणतात, “त्याची संगत सोड.” वडील म्हणतात, “अरे, सगळे देव सारखेच. हो हो म्हण आणि वेळ मारून ने.” कीर्तन आटोपल्यावर असा प्रश्न घेऊन येणारी माणसे आता वाढली आहेत. प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही. जिवलग मित्राने आपला धर्म आपल्याला सांगणे हा स्नेह की आगळीक? आणि ऐकणाऱ्याने करावे काय?

पाठशाळेत आम्हांला एक शिस्त होती. पूर्वपक्ष नीट मांडता आल्याशिवाय गुरुजी उत्तरपक्षाला तोंड उघडू देत नसत. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल असे मांडा, मग खंडन करा. तर प्रथम त्या मित्राची बाजू बघू. तो म्हणतो, “मला तहान लागली होती, मला पाणी सापडलं. माझा मित्र त्याच वाटेने चाललाय. त्याला विहीर दाखवू नको काय? गप्प बसलो तर मी मित्र कसला?” यात वावगे काय आहे? आपण तरी काय करतो? टाळ-मृदंग घेऊन गावोगाव जातो, चार माणसे जमली की नाम घ्या म्हणून विनवतो. नवविधा भक्तीत कीर्तनाला दुसरे स्थान आहे. आपले सांगणे ती करुणा आणि दुसऱ्याचे सांगणे तो हल्ला, असा न्याय कोणत्या शास्त्रात बसेल? म्हणून आजोबांचे उत्तर टिकत नाही.

वडिलांचेही टिकत नाही, बरं का. सगळे सारखेच असे म्हणून वेळ मारून नेणे म्हणजे त्या मित्राचे ऐकलेच नाही. तो सारखे आहे असे म्हणत नाही. येशू हाच तारक आहे, असे त्याला मनापासून वाटते. आपल्याला ते मान्य नसेल तर मान्य नाही म्हणावे. समोरच्याने जीव तोडून सांगितलेल्या गोष्टीवर गोड हसून पांघरूण घालणे यात ना सत्य राहते, ना स्नेह.

मग दोष कोठे उत्पन्न होतो? सांगण्यात नाही, सांगण्याला जोडलेल्या अटीत. याला दृष्टांत आपल्याच महाराष्ट्रातला आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म 1865 साली झाला. बायकोने वैद्यक शिकावे म्हणून त्यांचे यजमान गोपाळराव यांनी अमेरिकेत मदतीसाठी पत्र धाडले. पत्र गेले रॉयल वाइल्डर यांच्याकडे. हे पूर्वी कोल्हापुरास मिशनरी होते. त्यांच्याकडून मदतीची जी गोष्ट निघाली ती ख्रिस्ती होण्याशी जोडलेली होती. गोपाळरावांना ते मानवले नाही. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या होत्या, तेव्हा तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांना कळवळा आला आणि त्यांनी पत्र लिहिले. आता बघा, कागद तोच. एकाने त्यावर अट वाचली, दुसरीने मुलीची तळमळ वाचली.

1883 च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केले. ते कॉलेज 1818 साली कॅरी आदी मिशनऱ्यांनी स्थापलेले. त्याच सभागृहात त्यांनी सांगितले की मी हिंदू म्हणून जाते आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्याच वर्षी जूनमध्ये त्या अमेरिकेत उतरल्या. कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानीत. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. दिलेला शब्द त्यांनी पाळला. पण क्षयाने शरीर पोखरले होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा देह पडला. वय पुरते बावीसही नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि त्या ख्रिस्ती बाईंनी ती पकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली. जी मुलगी त्यांच्या धर्मात कधीच आली नाही, तिला त्यांनी मरणानंतरही आपल्या माणसांत जागा दिली. अट नसलेला स्नेह म्हणतात तो हा.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. कीर्तन दुसरे, तर श्रवण पहिले. गांधीजी 1888 साली बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले तेव्हा सुमारे एकोणीस वर्षांचे होते. आईला दिलेल्या शपथेपायी शाकाहारी खाणावळी शोधीत. राजकोटला असताना शाळेजवळ उभे राहून हिंदू देवांची निंदा करणारे मिशनरी त्यांनी ऐकले होते, आणि त्या निंदेने ख्रिस्ती धर्माविषयी मन विटले होते. लंडनला अशाच एका शाकाहारी घरात मँचेस्टरचा एक भला ख्रिस्ती गृहस्थ भेटला. गांधीजींनी आपला राजकोटचा अनुभव त्याला सांगितला. त्याला वाईट वाटले. तो म्हणाला की मी स्वतः मांस खात नाही, दारू पीत नाही. तुम्ही बायबल वाचून तर पाहा. गांधीजींनी वाचले. जुन्या कराराने त्यांना झोप येई, पण येशूचे डोंगरावरील प्रवचन थेट हृदयाला भिडले, ते जन्मभर. निंदेने जे झाले नाही ते एका सदाचारी माणसाच्या विनंतीने झाले. आणि तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. दोन थिऑसफिस्ट भावांनी त्यांना आपल्याबरोबर गीता वाचण्यास बोलावले. गांधीजींना लाज वाटली, कारण गीता त्यांनी ना संस्कृतात वाचली होती, ना गुजरातीत. एडविन अर्नॉल्डच्या इंग्रजी भाषांतरावरून त्यांचा गीतेशी परिचय झाला. परका मित्र आपल्याला घरापासून तोडतोच असे नाही. कधी तो आपल्याच घराचे कुलूप दाखवतो आणि किल्ली कोठे आहे म्हणून विचारतो.

पण या विषयाचे मर्म पुढच्या प्रसंगात आहे. बॅरिस्टर झाल्यावर दोन वर्षांनी, 1893 साली, गांधीजी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला होते. तेथे कोट्स नावाचा एक क्वेकर पंथाचा तरुण त्यांचा मित्र झाला. तो पुस्तके आणून देई, बरोबर फिरायला नेई, प्रेम करी. एकदा त्याची नजर गांधीजींच्या गळ्यातील तुळशीच्या कंठीवर गेली. ही अंधश्रद्धा तुला शोभत नाही, आण, मी तोडून टाकतो, असे तो म्हणाला. गांधीजींनी नकार दिला. ही आईने प्रेमाने घातलेली आहे, असे सांगितले. तुझा हिच्यावर विश्वास आहे काय, असे कोट्सने विचारले. तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा: हिचे गूढ मला ठाऊक नाही, पण आईने प्रेमाने घातलेली कंठी सबळ कारणावाचून मी काढणार नाही, काळाने झिजून ती आपोआप तुटली तर मात्र नवी घेण्याची मला इच्छा नाही. कोट्सला ते पटले नाही, पण मैत्री राहिली. 

माळकरी मंडळींनो, या प्रसंगातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक कोट्ससाठी. आपला देव सांगण्याचा त्याला अधिकार होता. दुसऱ्याच्या गळ्याला हात घालण्याचा नव्हता. ज्या धाग्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही तो तोडायला निघणे हे प्रेमातले उतावळेपण असले तरी उतावळेपणच. दुसरी गोष्ट आपल्यासाठी, आणि ती झोंबणारी आहे. ती कंठी आईच्या प्रेमावर टिकली, अर्थावर नाही. अर्थ विचारताच तो सत्यवचनी मुलगा म्हणाला की मला ठाऊक नाही. म्हणून प्रेमाचा धागा झिजला तर मागे काही उरणार नव्हते. आज आपल्या घरातून विमानात बसणाऱ्या किती मुलांना माळेचा अर्थ सांगता येईल? एकादशीला साबुदाणा खातात हे त्यांना माहीत असते. माळ म्हणजे आपला देह देवाला वाहिला, आता खोटे बोलायला आणि परपीडा करायला हा गळा मोकळा नाही, हे किती घरांत सांगितले जाते?

आता अवघड प्रश्न. मित्राने सांगितले, मुलीने ऐकले, आणि तिला ते पटले, तर? पंडिता रमाबाईंचे तसेच झाले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला व मुलीला संस्कृत शिकवले. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. दुष्काळात आई-वडील गेले. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. 1883 साली त्या वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅमला एक घर होते. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तेथे ममतेने वागवीत. ते पाहून रमाबाईंनी विचारले की हे तुम्ही कशापायी करता? उत्तरादाखल त्यांना येशू आणि शमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी लहानग्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

कोणी म्हणेल, बिचारीला फसवले. तसे दिसत नाही. बाप्तिस्म्यानंतर त्याच मठातल्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. एका पुरोहितवर्गाचे जू उतरवले ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, आपली संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. अशी बाई कोणाच्या धाकाने वाकेल काय? तिने निवड केली.

मला या ठिकाणी वेगळाच प्रश्न बोचतो. स्त्रियांना आपल्या अधिकाराने मोक्ष नाही, असे शास्त्रांचे म्हणणे रमाबाईंना दिसले आणि त्या दुखावल्या. पण आपल्या संप्रदायात जनाबाई होती, सोयराबाई होती, बहिणाबाई होती. गणिकेची मुलगी कान्होपात्रा पंढरीच्या राउळात विसावली. ज्याच्या शोधात रमाबाई निघाल्या त्याचे बीज आपल्या अंगणात होते. पण कान्होपात्रेचा अभंग गाणाऱ्या गावात टाकलेल्या बाईला पाटावर बसवून वाढणारी घरे किती होती? फुलहॅमला वादविवाद जिंकला नाही. ताट वाढलेले होते, ते जिंकले. म्हणून मूल दुसरीकडे गेले तर त्याच्या मित्राला शिव्या देण्याआधी आपल्या ओसरीवर काय कमी होते ते पाहावे. दुःख होईल. आई-बापांच्या त्या दुःखाला हलके म्हणणारा माणूस निर्दय. परंतु दुःखापायी दार लावून घेऊ नये. स्वेच्छेने घातलेली माळच खरी, हे आपण म्हणतो ना? मग स्वेच्छा ही दोन्ही बाजूंनी स्वेच्छाच असते.

तर त्या फोन करणाऱ्या मुलाला काय सांगावे? बाळा, मित्र बोलावतो तर जाऊन ऐकायला हरकत नाही. मान लववून ऐक. पण तेथे प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षारस देतात तो पाहुणचार नव्हे. ती त्यांच्या भक्तांची आणभाक आहे. भीडेखातर घेऊ नकोस. त्यांचाही उपमर्द आणि तुझाही. फीचे पैसे, नोकरी, लग्न यांचे आमिष दाखवून कोणी धर्म सांगू लागला तर तेथून ऊठ. तो उपदेश नव्हे, सौदा आहे. मित्राने त्याचे सांगितले की तुझेही सांग. विटेवर उभे राहून भक्ताची वाट पाहणारा देव कसा असतो, ते त्याला ऐकू दे. आणि मन घेत नसेल तर स्वच्छ शब्दांत नाही म्हण. पुढच्या रविवारी तो तुझ्याबरोबर पूर्वीसारखाच जेवायला बसला तर समज, देवाने तुला खरा मित्र दिला आहे. त्याला जप.

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संतांच्या मांदियाळीत मान देणारा आपला पंथ. वारीत चार पावले चालायला कोणी परधर्मी आला, तर त्याला प्रेमाने नाम सांगावे, पंगतीत बसवावे. तो माळ न घालता परत गेला तरी पुढल्या आषाढीला त्याच्यासाठी पाणी भरून ठेवावे. आणि आपल्या मुलांना परदेशी धाडताना लोणच्याच्या बरणीबरोबर माळेचा अर्थही बांधून द्यावा. मित्र विचारील तेव्हा ठाऊक नाही असे म्हणण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

रामकृष्णहरि.