मुरुमातली तिळवण

भिवंडीजवळ माणकोली नाक्यावरून दापोड्याकडे वळलं की भाताची खाचरं मागे पडतात आणि गोदामांच्या रांगा लागतात. खाचर बुजवायचं तर आधी दगड-मुरूम पडतो, मग वरून रोलर फिरतो. भिवंडीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, पण या भरावावर पाणी ठरत नाही. चार दिवस उघडीप मिळाली की जमीन घाटापलीकडच्या माळासारखी कोरडी ठणठणीत. भातवाल्या मुलखात आपण आपल्या हातांनी हे माळरान घडवलं, आणि माळावरची पिवळी तिळवण तिथे सुखाने नांदायला लागली.

श्रावणाच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीकडेला ती फुलते. लांबून टाकळाच वाटतो. जवळ जाऊन पाकळ्या मोजाव्यात: टाकळ्याला पाच, हिला चार, त्याही एका अंगाला कललेल्या. खालची पानं पाच दलांची, शेंड्याकडची तीन. शेंगा बारीक, लांब, आभाळाकडे तोंड करून उभ्या. सगळ्या अंगावर चिकट लव. तिला चिलटं अडकतात. लूमचा खडखडाट जवळ असेल तर कापसाचे तंतूही येऊन चिकटतात.

हिला कानफुटीही म्हणतात. दुखऱ्या कानात हिचा रस पिळायचा उपाय जुना आहे; तो जुनाच राहू द्यावा.

पानाचा तुकडा दाताखाली धरला की आधी काहीच लागत नाही, मग मोहरीसारखी झणझणी नाकात चढते. ही झणझणी पानात तयार नसतेच. गंधकाचा अंश असलेलं एक द्रव्य आणि त्याला फोडणारं विकर पेशींमध्ये वेगवेगळं ठेवलेलं असतं. पान चिरडलं की दोघांची गाठ पडते आणि तिखटपणा जन्माला येतो. मोहरी, मुळा, अहाळीव यांचीही हीच तऱ्हा. तिळवणीचं कुळ मोहरीच्या कुळाचं सख्खं शेजारी. चावणाऱ्याने पळून जावं म्हणून झाडाने केलेला हा बंदोबस्त, आणि माणसाने त्याचीच फोडणी केली! गढवालात याच तिळवणीचं बी ‘जख्या’ म्हणून तेलात तडतडवतात आणि बटाट्यावर घालतात. आपल्याकडे भिंतीपाशी उभं असलेलं हे झाड तिकडे मसाल्याच्या डब्यात जाऊन बसलं आहे. पांढऱ्या तिळवणीचंही तसंच. तिच्या फुलातले पुंकेसर उंच दांड्यावर चढवल्यासारखे दिसतात, त्यावरून ती पटकन ओळखू येते. केनियात तिची शेती होते आणि पालेभाजी म्हणून ती बाजारात विकली जाते.

वसईच्या खाडीवर रेल्वेचा लोखंडी पूल बांधणारे इंजिनिअर थिओडोर कुक पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९०१ ते १९०८ या काळात त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. दोन्ही तिळवणी त्यात आहेत. पुलाचं लोखंड हाताळणाऱ्या माणसाने असली उकिरड्यावरची झाडंही नीट पाहून नोंदवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गोदामाजवळचं झाड ओळखायला घ्यावं, खायला नव्हे. डिझेलची काजळी आणि डाइंगचं पाणी कुठवर पोचलंय ते पानावरून कळत नाही. बी मात्र तिथून आणायला हरकत नाही. शेंगा पिवळ्या पडू लागल्या की खुडाव्यात. पुरत्या वाळल्या तर शेंड्याकडून उकलतात आणि बी मुरुमात सांडून जातं. ताजं बी सहसा लगेच रुजत नाही, म्हणून कागदात बांधून पुढच्या मृगापर्यंत ठेवावं. कुंडी खोल हवी आणि तळाला भोक मोठं हवं, कारण सोटमूळ खाली खाली जातं. अर्धी माती, अर्धा मुरूम, शेणखत चिमूटभर. जास्त लाड केले तर नुसता पाला माजतो. बी वरवर पेरून मातीचा पातळ थर द्यावा. रोपं दाट उगवली तर विरळणी करावी, पण उपटलेलं रोप दुसऱ्या कुंडीत लावायच्या भानगडीत पडू नये. मूळ दुखावलं की ते सहसा जीव धरत नाही. उपटलेली कोवळी रोपं सरळ धुऊन चटणीत घालावीत.