देव घरी नसताना

मनालीच्या वरच्या बाजूला गोशाल नावाचं एक गाव आहे. दर वर्षी मकर संक्रांतीपासून पुढचे 42 दिवस त्या गावात कुणी आवाज करत नाही. टीव्ही बंद, रेडिओ बंद, मोबाइल सायलेंटवर. देवळातली घंटा वाजत नाही, पूजा होत नाही, शेतात कुदळ मारायची नाही. गौतम ऋषी, व्यास ऋषी आणि कांचन नाग ही गावची दैवतं या दिवसांत स्वर्गात गेलेली असतात, असं लोक मानतात. जाण्यापूर्वी देवळात माती पसरून ठेवतात. देव परतले की ती माती उघडून पाहतात. त्यात फूल निघालं, कोळसा निघाला की केस निघाला, यावरून येणारं वर्ष कसं जाईल ते ठरतं. गोशालच्या जोडीने बुरुआ, शनाग, सोलंग, पलचान, कोठी अशी आसपासची गावंही हा नियम पाळतात. एकूण नऊ.

आणि बरोबर याच 42 दिवसांत तुम्ही-आम्ही बर्फ बघायला जातो.

ज्या देवावर माझा विश्वास नाही, त्याच्यासाठी मी गप्प का बसायचं? प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. ‘अरे, पाहुणे आहोत आपण, पाळायचं थोडं’ असं म्हणून तो मिटवता येतो. आमच्या गाडीत मात्र तो मिटला नाही. चंदीगडहून भाड्याने घेतलेल्या गाडीत आम्ही चौघे होतो. त्यातला गाडी चालवणारा मित्र कुठल्याही देवाला नमस्कार न करणारा, दुसरी मैत्रीण वकील, तिचा भाऊ बहुतेक वेळ झोपलेला, आणि मी. बिलासपूर, सुंदरनगर, मंडी, मग औटचा बोगदा. 2023च्या जुलैमधल्या पुरात बियासने खाल्लेला रस्ता काही ठिकाणी अजून अंगावर येतो. कुल्लूच्या पुढे डोंगरमाथ्यांवर पांढरं दिसू लागलं आणि मनालीच्या अलीकडे ते रस्त्याच्या कडेलाच येऊन बसलं.

आमचं राहायचं घर त्या नऊ गावांपैकी एका गावात होतं. दारात पोचलो तेव्हा गाडीत गाणी चालू होती. घरमालक धावत नाही, पण लगबगीने आले आणि काचेवर बोटाने हलकेच टकटक केलं. ‘गाना बंद कर दो जी. देवता गए हुए हैं.’ आवाजात राग नव्हता. घरात बाळ झोपलंय म्हणून सांगावं, तसं सांगितलं. मित्राने लगेच गाणं बंद केलं. तो उद्धट नाही. पण रात्री तंदूरभोवती बसल्यावर त्याने वाद काढलाच. (इथला तंदूर रोटीचा नाही. खोलीच्या मध्यभागी लाकूड जाळायची लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छताबाहेर.) गंमत म्हणजे तो सबंध वाद आम्ही कुजबुजत घातला.

त्याचं म्हणणं असं. पुण्यात गणपतीत दहा दिवस माझ्या खिडकीखाली स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. तिथे मला सांगतात, लोकांची श्रद्धा आहे, सहन कर. इथे सांगतात, लोकांची श्रद्धा आहे, गप्प बस. म्हणजे देवाला आवाज हवा असो की शांतता, किंमत दर वेळी न मानणाऱ्यानेच मोजायची. घराचा नियम मी पाळेन, चपला बाहेर काढेन. पण गाव म्हणजे कुणाचं घर नाही, रस्ता सगळ्यांचा आहे.

मला हे म्हणणं अजूनही चुकीचं वाटत नाही. बहुतेक लोक त्याला जे उत्तर देतात, ते मात्र नक्की चुकीचं आहे. उत्तर असं की, ‘अरे, यामागे विज्ञान आहे!’ वकील मैत्रिणीच्या भावाने जागा होऊन तेच दिलं. म्हणाला, आवाजाने हिमस्खलन होतं, म्हणून पूर्वजांनी शांततेचा नियम केला. व्हॉट्सअपवर हे तुम्हीही वाचलं असेल. पण माणसाच्या ओरडण्याने किंवा गाण्याने हिमकडे कोसळत नाहीत. तेवढी ताकद आवाजात नसते. उतारावरच्या कच्च्या थरावर वजन पडतं, नवीन बर्फाचं, वाऱ्याने वाहून आणलेल्या बर्फाचं किंवा त्यावरून जाणाऱ्या माणसाचं, तेव्हा तो थर सुटतो. शिवाय ताजा बर्फ आवाज पसरवतच नाही. त्याच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते आणि ती आवाज शोषून घेते. बर्फ पडल्यावर जंगल इतकं गप्प वाटतं, ते त्यामुळे.

परंपरेला विज्ञानाचं ठिगळ लावायची आपली ही सवय मला परंपरेचाच अपमान वाटते. माझी भाषा बोललास तरच तुझं ऐकेन, असं आपण त्या गावाला सांगत असतो. आणि उद्या ते विज्ञान खोटं ठरलं, जसं इथे ठरतं, की नियमही गेला. गोशालचे लोक हिमस्खलनाला घाबरून गप्प बसत नाहीत. देव परगावी गेलेत म्हणून बसतात. आदर करायचा असेल तर या कारणाचा करायला हवा, नाहीतर सरळ सांगावं की आम्ही आदर करत नाही.

मग या कारणाचा आदर का करायचा? दुसऱ्या दिवशी ढुंगरीच्या देवदारांच्या जंगलात हिंडताना मी याचाच विचार करत होते. तिथलं हिडिंबेचं देऊळ राजा बहादूर सिंगाने 1553 साली बांधलं. आपल्याला हिडिंबा माहीत असते ती भीमाची राक्षसीण बायको म्हणून. कुल्लूच्या राजघराण्याची ती आजी आहे आणि दसऱ्याला तिच्यावाचून काही हलत नाही. देवळाला वेढा घालून देवदार उभे आहेत. आडव्या फांद्यांवर बर्फ साचत राहतो, मग एखादी फांदी झुकते आणि सगळा ढीग धप्पकन खाली येतो. तेवढाच आवाज. खाली मोकळ्या जागेत भाड्याचे रंगीत कोट आणि गमबूट घातलेली माणसं फोटो काढत होती. प्रत्येकाच्या पाठीवर दुकानाचा नंबर, म्हणजे कोट परत करताना गोंधळ नको.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. शंभर वर्षांपूर्वी हा नियम पाळायला जवळजवळ फुकट होता. माघात शेतं बर्फाखाली असतात, कुदळ मारणार कुठे? बाहेरचं कुणी येत नव्हतं. आता तो फुकट राहिलेला नाही. बर्फाचे दिवस हेच कमाईचे दिवस झालेत. तिकडे रोहतांगच्या पोटातून 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020ला सुरू झाला आणि हिवाळ्यात सहा-सहा महिने तुटणाऱ्या लाहौलमध्ये ऐन बर्फात गाड्या पोचू लागल्या. 2023च्या नाताळात तर ट्रॅफिकला कंटाळून एकाने आपली थार सरळ चंद्रा नदीच्या पात्रात घातली. पोलिसांनी दंड केला, पण व्हिडिओ देशभर फिरला. त्याच लाहौलमधल्या सिस्सूच्या लोकांनी आपल्या हिवाळी सणांसाठी जानेवारी-फेब्रुवारीत काही आठवडे पर्यटन बंद ठेवायचं ठरवलं. झिपलाइन बंद, ढाबे बंद. धंदा तेजीत असताना.

इथे माझ्या मित्राचा मुद्दा थोडा सैल होतो. पुण्यातला स्पीकर लावणारा स्वतःचं काही गमावत नाही, दुसऱ्याची झोप गमावतो. इथे नियमाचं ओझं आधी सांगणाऱ्याच्या डोक्यावर आहे. आमचे घरमालक 42 दिवस टीव्ही न लावता राहतात, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा हेडफोन लावून सिनेमा बघतो, आणि गाणी-शेकोट्यांच्या पार्ट्या हव्या असलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. मी तीन दिवस हळू बोलले, तर त्यात माझं काय गेलं?

सिंधुदुर्गातल्या आचऱ्याची गावपळण तुम्हाला माहीत असेल. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेतात आणि सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी बरोबर. वेशीबाहेर झोपड्या उभारतात, रात्री गाणी-भजनं होतात, आणि मागे गाव रिकामं. इकडे देव गाव सोडतात, तिकडे माणसं देवासाठी गाव सोडतात. त्या तीन दिवसांत आचऱ्यातून बाइक दामटत जाणाऱ्याला आपण काय म्हणू? रस्ता सार्वजनिक आहे हे कबूल करूनही आपण त्याला काहीतरी म्हणूच.

इथवर सगळं छान जमलं होतं. पण वकील मैत्रिणीने मला इथे थांबू दिलं नाही. तिने एकच विचारलं, ‘चवदार तळ्याचं काय?’

1927 साली महाडमध्ये बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी तळ्याचं पाणी घेतलं, तेव्हाही समोरचे लोक ‘आमची परंपरा’ असंच म्हणत होते. 2016 पर्यंत शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना चढू देत नव्हते, तेव्हाही हाच शब्द. याच कुल्लू जिल्ह्यातल्या मलाण्यात बाहेरच्या माणसाने देवळाला हात लावला तर दंड होतो. ‘त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवा’ हे वाक्य कुणाकुणाच्या तोंडी शोभून दिसलंय, याची यादी महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाने विसरून चालत नाही. मी म्हणाले, पण ही शांतता कुणाला खालचं ठरवत नाही, सगळ्यांना सारखीच लागू आहे. ती म्हणाली, ‘सगळ्यांना? विचारलंस?’

मी विचारलं नव्हतं. कुल्लूच्या अनेक गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना घराच्या तळमजल्यावर, गुरांच्या गोठ्यात झोपायला लावायची रूढी आहे. देवता विटाळतात म्हणून. ती मोडावी यासाठी 2018मध्ये जिल्हा प्रशासनाने मोहीमही घेतली. हे मी निघण्यापूर्वी वाचलेलं होतं. हिवाळ्यात इथे रात्री नळातलं पाणी गोठतं.

संध्याकाळी घरातली सून स्वयंपाकघरात सिड्डू वळत होती. तिला मी विचारलं. तिने दाराकडे पाहिलं आणि कुजबुजत बोलू लागली. ती हळू बोलत होती ते देवतांसाठी की बाहेरच्या खोलीत बसलेल्या सासूसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. लग्नानंतरचं पहिलं वर्ष ती खाली झोपली. गुरांची ऊब असते, अगदीच वाईट नसतं, म्हणाली. मग मुलगी झाली. ती सात महिन्यांची असताना छातीत कफ होऊन आजारी पडली, तेव्हा सासूच रात्री खाली आली आणि दोघींना वर घेऊन गेली. त्यानंतर कोपऱ्यातली खोली ठरली. गोठा सुटला.

‘देवतेला विचारलं?’ कुल्लूत देवता गूराच्या तोंडून बोलते, सगळे मोठे निर्णय तिला विचारून होतात, म्हणून मी विचारलं.

‘नाही विचारलं,’ ती म्हणाली. ‘विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.’

मी यावर काहीतरी बोलणार होते. समता वगैरे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तिने माझ्या हातात कणकेचा गोळा दिला आणि वळायला सांगितलं. आत अक्रोडाचं सारण भरायचं, कडा दाबायच्या. माझं सिड्डू फुटलं.

त्या रात्री मी मैत्रिणीला म्हणाले की आता माझं असं मत आहे. गावाची श्रद्धा म्हणजे एक गाठोडं, घ्यायचं तर सगळं घ्या नाहीतर सगळं टाका, हे मला मान्य नाही. शांतता मी पाळेन. गोठ्यासमोर मात्र ‘त्यांची संस्कृती’ म्हणून मान खाली घालणार नाही. पण गोठा मोडणं हे तीन दिवसांच्या पाहुणीचं काम नाही, आणि ज्या सासूने ते केलं तिने माझ्यासारखीला विचारलंही नव्हतं. मैत्रीण म्हणाली, हे फार सोयीचं आहे. जे तुला फुकट पडतं ते पाळतेस आणि जिथे भांडावं लागेल तिथे पाहुणी होतेस. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणू शकते की मी विचारल्यामुळे ती दहा मिनिटं बोलली, आणि आम्ही मोठमोठ्याने गाणी वाजवत तिथे शिरलो असतो तर तिने आम्हाला सिड्डू वाढलं असतं, पण हे सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

निघालो त्या दिवशी घरमालकांचा मुलगा पुलापर्यंत बरोबर आला. रात्री नवा बर्फ पडला होता आणि खालच्या जुन्या बर्फाची काच झाली होती. गावातून उतरणारा रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना फावड्याने ओढलेल्या बर्फाच्या भिंती, पुढचं वळण दिसत नाही. मित्राने गाडी थांबवली. हॉर्नवर हात ठेवून तो मुलाकडे बघू लागला. तीन दिवस श्रद्धेविरुद्ध वाद घालणारा माणूस!

‘बजाओ, भैया,’ मुलगा म्हणाला. ‘मोड़ पे सब बजाते हैं.’

मित्राने हॉर्न वाजवला, अगदी छोटा. वळणापलीकडून कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून आम्ही पुढे गेलो. पूल ओलांडून सोलंगच्या रस्त्याला लागलो तर मनालीपर्यंत गाड्यांची रांग, आणि सगळे हॉर्न वाजवत होते. शहरात पोचायला दोन तास लागले.