दैव, प्रयत्न आणि तीस सेकंदांची चढाई

प्रयत्नाचे फळ प्रयत्न करणाऱ्याच्या मालकीचे असते का, हा जुना प्रश्न व्यावसायिक कबड्डीत उघडा पडतो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि तालुक्याच्या कॉलेजातून मातीवर खेळणाऱ्या पोरांना बंदिस्त स्टेडियममधली मॅट आणि लिलावाची बोली खुणावू लागली.

चढाईपटूचे काम मोजके, पण निर्दय. दम न तोडता मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची रेषा ओलांडायची, गडी टिपायचा आणि तीस सेकंदांत परतायचे. समोरचा कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर नजर ठेवून असतो. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो; नाही घेतला की चढाईपटू बाद.

फळ दैवाचे की प्रयत्नाचे, या प्रश्नावर समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात करंट्याची आणि सदेवाची (भाग्यवानाची) लक्षणे लागोपाठच्या समासांत दिली आहेत. तिथले करंटेपण कुंडलीतून उतरत नाही, आळसातून आणि कुसंगतीतून येते. मारुतीसमोर जोर काढणाऱ्या गड्याला हे पटवून द्यावे लागत नाही.

पण ही कसोटी उलटी लावली, म्हणजे अपयश दिसले की लगेच आळस शोधला, तर अन्याय होतो. कोल्हापूर जिल्ह्यातला चढाईपटू सिद्धार्थ देसाई २०१८च्या हंगामात यू मुंबाकडून ३६.४ लाखांत खेळला. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. २०२१-२२मध्ये दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळू शकला. त्याची चपळाई वर्षभरात चौपट झाली नव्हती आणि दुखापत म्हणजे आळस नव्हे. संघाची गरज काय, त्या वर्षी लिलावात आणखी कोण आहे, यावरही बोली चढते-उतरते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला कर्माधिकाराचा विचार अशा वेळी हरलेल्याची समजूत घालायला काढला जातो. खरे तर तो जिंकणाऱ्यालाच अधिक लागू पडतो, कारण फळ आपल्या हातचे होते हा भ्रम त्यालाच होतो. रामदास चढाईच्या आधीचे सांगतात, गीता नंतरचे. दोन्हींत विरोध नाही. घाम गाळूनही ज्याच्यावर बोली लागली नाही, त्या पोराला करंटा म्हणायला दासबोधात आधार सापडत नाही.