सखूचें रूप

देवानें एकदां एका सुनेचें सोंग घेतलें, आणि तें सोंग घरांतल्या कोणासहि ओळखूं आलें नाहीं. कऱ्हाडची सखू पंढरीच्या वाटेस लागली. तिच्या जागीं खांबाला बांधून घेतलेला विठ्ठल पुढें सासूच्या घरीं दळण दळीत आणि पाणी भरीत राहिला. ही कथा महाराष्ट्रांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. तींतील एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. देव सखू झाला म्हणून देवाचें सखूवर कांहीं येणें राहिलें, असें कोणी म्हणत नाहीं. रूप उसनें घेतलें, काम झालें, रूप परत केलें. हिशेब तेथेंच मिटला.

१९४१ सालीं प्रभात कंपनीनें ही कथा 'संत सखू' या बोलपटांत मांडली, आणि सखूचें रूप घेतलें हंसा वाडकर यांनीं. त्यांचें मूळचें नांव रतन साळगांवकर. जन्म १९२३ चा. म्हणजे सखू झाल्या तेव्हां वय अवघें अठरा. त्या काळीं संतपट पाहावयास लोक देवळांत जावें तसे जात. जोडे बाहेर काढीत, पडद्यापुढें हात जोडीत. आमच्या मराठवाड्यांत तर जत्रेजत्रेस येणाऱ्या तंबूंतल्या सिनेमानें संतांचे चेहरे खेड्यापाड्यांत पोंचविले. जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थांचें जन्मगांव. अशा मुलखांत पडद्यावरील संत आणि देव्हाऱ्यांतील संत यांमधलें अंतर फारसें मोठें नसतें.

आतां प्रश्न असा कीं, ज्या रूपापुढें आम्हीं हात जोडले, त्या रूपास शोभेल असेंच आयुष्य जगण्याचें ऋण तें रूप घेणारीच्या माथीं चढतें काय? १९७१ सालीं हंसाबाई वारल्या. त्याच्या थोडेंच आधीं त्यांचें 'सांगत्ये ऐका' हें आत्मकथन अरुण साधू यांच्या शब्दांकनानें प्रसिद्ध झालें. १९५९ च्या अनंत माने यांच्या ज्या चित्रपटानें त्यांची कीर्ति घरोघर नेली, त्याचेंच हें नांव. घराच्या मिळकतीसाठीं कोंवळ्या वयांत कामास लागलेली मुलगी, विटलेला संसार, मद्य, आणि घर सोडून एका माणसाबरोबर मराठवाड्यांतील एका खेड्यांत काढलेला काळ, हें सर्व त्यांत कसलेंहि पांघरूण न घालतां सांगितलें आहे. त्या संपन्न घरांत त्यांस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक नव्हती. पडद्यावर सखूला सोडविण्यास विठ्ठल आला. येथें तशी सोय नव्हती. हा मराठवाडा आमचा आहे, म्हणून पुस्तकांतील तेवढीं पानें आम्हांस अधिक टोंचतात.

सखू झालेली बाई अशी निघावी, याचें कित्येक सज्जनांस वाईट वाटतें. कांहींस राग येतो. या रागाची जात तपासून पाहण्याजोगी आहे. दार्जिलिंग येथें १९१३ सालीं जन्मलेली प्रसिद्ध इंग्रज नटी व्हिव्हियन ली हिनें नवरा व लहान मुलगी यांस सोडून नट लॉरेन्स ऑलिव्हिए याच्याबरोबर संसार थाटला. चित्रपटवाल्यांनीं ती गोष्ट कांहीं काळ झांकून ठेविली. १९४० सालीं दोघांचा विवाह झाला आणि जगानें टाळ्या वाजविल्या. स्वीडनची इंग्रिड बर्गमन हिनेंहि नवरा व मुलगी यांस सोडलें. परंतु १९५० सालीं अमेरिकेच्या सिनेटमध्यें एका सभासदानें उभें राहून तिची भर सभेंत निर्भर्त्सना केली. असें कां व्हावें? लीबाईंच्या ऑलिव्हिएशीं लग्नाचा मार्ग मोकळा झाला व बर्गमनबाईंस विवाहापूर्वींच मूल झालें, हा भेद आहे खरा. पण सगळा राग त्यांत मावत नाहीं. लीबाईंची गाजलेली भूमिका स्कार्लेट ओ'हाराची, म्हणजे हट्टी व स्वार्थी स्त्रीची. बर्गमन १९४५ सालीं जोगीण झाली होती आणि १९४८ सालीं जोन ऑफ आर्क. ज्यांनीं तिला मनांतल्या मनांत संत करून ठेविलें होतें, त्यांनीं तिच्यापाशीं संतपणाची वसुली मागितली. १९७२ सालीं त्याच सिनेटमध्यें दुसऱ्या एका सभासदानें तिचा गौरव करून झाल्या गोष्टीची भरपाई केली. तोंवर बावीस वर्षें उलटलीं होतीं. रागाची खोली अपराधावर ठरली नाहीं. आधीं केलेल्या पूजेवर ठरली.

यावर 'कला निराळी, जीवन निराळें' असें उत्तर देण्याची चाल आहे. तें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. कला जर खरोखरच इतकी निराळी असेल, तर हंसाबाईंचे आभार तरी कशाबद्दल मानावयाचे? खांबाला बांधलेल्या सखूच्या डोळ्यांतील केविलवाणें भाव त्या अठरा वर्षांच्या मुलीनें आणले कोठून? पोथींतून नव्हे. तिनें आपल्याजवळचें कांहीं तरी आम्हांस दिलें, आणि आम्हीं तें घेतलें. घेणारानें देणाऱ्याच्या घरीं जाऊन त्याचीं भांडीं तपासावीं, हा कोठला न्याय? ऋण असलेंच तर तें उलट्या बाजूचें आहे.

आमच्याकडे या वसुलींत आणखी एक मेख आहे, ती कुळाची. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांस तारामतीच्या भूमिकेसाठीं एकहि स्त्री मिळाली नाहीं, आणि साळुंके नांवाच्या पुरुषास लुगडें नेसावें लागलें. पुढें एकोणीस वर्षांनीं 'अयोध्येचा राजा'मध्यें तीच तारामती दुर्गाबाई खोटे यांनीं केली. त्या लाडांच्या प्रतिष्ठित घराण्यांतल्या, कॉलेजांत शिकलेल्या. त्यांच्यामुळें चित्रपटास प्रतिष्ठा आली असें सर्व म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. दुर्गाबाईंचा अभिनय थोरच होता. पण प्रतिष्ठा अभिनयानें आली असती तर ती कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या मुलींबरोबर आधींच यावयास हवी होती. ती आली कुळाबरोबर. हंसाबाईंच्या पाठीशीं तसें कूळ नव्हतें. त्यांस प्रत्येक चित्रपटांत ती नव्यानें मिळवावी लागली, आणि पडदा पडला कीं ती परत द्यावी लागली.

हा जुना वाद नव्हे. आमच्या कॉलेजांत संमेलन जवळ आलें कीं तो दर वर्षीं दारांत उभा राहतो. गेल्या खेपेस नाटकांत तमासगीर स्त्रीचें काम होतें, आणि एका हुशार मुलीनें तें मागून घेतलें. चार दिवसांनीं तिचे वडील आले. पेशानें शेतकरी, बोलण्यांत सौम्य. मुलीनें जिजाबाई केली असती तर त्यांची हरकत नव्हती. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, १९४१ सालीं जी सखू झाली तीच बाई १९४७ सालीं 'लोकशाहीर रामजोशी'मध्यें बया नाचणारीण झाली, आणि दोन्ही वेळां लोकांनीं तिला डोक्यावर घेतलें. सखूनें तिला संत केलें नाहीं, बयेनें तिला बाटविलें नाहीं. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "सर, तें पटलं. पण तुमच्या त्या हॉलमधे पुढच्या रांगेत कोण कोण बसणार, तेवढं सांगा."

निमंत्रितांची यादी आमच्या टेबलावरच पडली होती. आम्हीं ती त्यांच्यापुढें केली. त्यांनीं चष्मा लावला आणि एकेक नांव सावकाश वाचूं लागले.