किती तासावे, कोठे तासावे?

दुसऱ्यास वळण लावण्याचा अधिकार आपणांस कोठवर आहे? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस हाताने लाकडी धनुष्य घडविणाऱ्या कारागिराचे स्मरण होते. धनुष्याची ओढ धनुर्धराच्या बळास जुळावी म्हणून तो त्याचे पोट, म्हणजे धनुर्धराकडील बाजू, थोडी थोडी तासतो. जाडी एक-दशांश घटली की तेथील ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. रुंदी तितकीच घटविल्यास केवळ १० टक्क्यांनी. तासलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही. टोके छाटून ओढ वाढविता येते, परंतु तीही लांबी गमावूनच. म्हणून जाणता कारागीर चार हात फिरवून थांबतो, धनुष्य हळूहळू वाकवून पाहतो आणि मगच पुन्हा हत्यार उचलतो.

याहून मोठा विवेक पुढेच आहे. एक भुजा ताठर राहिली म्हणून तो प्रत्यंचा अधिक जोराने ओढीत नाही; कारण तो भार आधीच वाकणाऱ्या भुजेवर पडून तीच मोडण्याचा संभव असतो. जेथे ताठरपणा, तेथेच तो तासतो. घरात वा शाळेत एका हट्टी मुलासाठी सर्वांवर धाक बसविला जातो, तेव्हा पोळते ते नम्र मूल.

१९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या मनुष्याजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे अपुरे धनुष्य होते. अपुरे राहिलेले पुढे घडविता येते. अति तासलेल्यास तो मार्ग उरत नाही. वळण लावणाऱ्याने हात उचलण्यापूर्वी एवढे ध्यानी धरावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.