धुऱ्यावरची लोंबी

भंडारा जिल्ह्यातल्या बपेऱ्याच्या एका शेतकऱ्याने मला सातबारा दाखवला. दोन एकरांत धान उभं होतं, मी स्वतः धुऱ्यावर उभा राहून पाहिलं होतं. कागदावर मात्र पिकाचा रकाना कोरा. रोवणी लांबली, फोन मुलाजवळ, मुलगा नागपूरला, आणि ई-पीक पाहणीची, म्हणजे फोनवरून पीक नोंदवण्याची, मुदत निघून गेली. त्याच आठवड्यात एका बैठकीत ऐकलं, की यंदा नोंदणीची टक्केवारी चांगली आहे, म्हणजे आता आपल्याजवळ पिकांचा ‘पक्का डेटा’ आहे.

तेव्हापासून हे वाक्य मनातून जात नाही. किती जणांनी माहिती भरली, हे टक्केवारी सांगते. भरलेलं किती खरं आणि न भरलेलं कोणाचं, याबद्दल ती काहीच बोलत नाही. हा प्रश्न या देशात ऐंशी वर्षांपूर्वी नीट विचारला गेला होता आणि त्याचं उत्तरही सापडलं होतं. ते उत्तर आपण पुस्तकात ठेवलं, पीक नोंदणीच्या कामात आणलं नाही.

जमिनीच्या नोंदीचा इतिहास म्हटला की तोडरमल, मलिक अंबर, इंदापूरची विंगेटची मोजणी ही साखळी सांगितली जाते. त्या सगळ्या काळात नोंद व्हायची ती सारा बसवण्यासाठी. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. इथे मालगुजारी होती, आणि गावाचे कागद पटवाऱ्याकडे. तुमसर भागात लोक आजही तलाठ्याला पटवारीच म्हणतात.

या पटवाऱ्याच्या नजरेवर पिकाचा अंदाज चालायचा. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. तो शिवारात फिरे आणि यंदा दहा आणे की सहा आणे ते सांगे. पेरलेलं क्षेत्र, साधारण उतारा आणि हे आणे यांचा गुणाकार केला की जिल्ह्याचं उत्पादन निघे. पीक कमी दिसलं तर साऱ्यात सूट मिळण्याची आशा, जास्त दिसलं तर वसुली. त्यामुळे आकड्याला दोन्ही बाजूंनी ओढ असायची आणि दोष नेहमी पटवाऱ्याच्या माथी यायचा. आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. आजही पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाचा जीव टांगलेला असतो.

मग निवड पद्धतीने पीक कापणी आली: निवडलेल्या शेतात ठरावीक तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं आणि त्यावरून उतारा काढायचा. हबॅक या अधिकाऱ्याने १९२०च्या दशकात बिहार-ओरिसात शेतं चिठ्ठीने निवडायला सुरुवात केली. पुढे बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेतर्फे पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे यांनी ती पद्धत वाढवली. ही गोष्ट साधारणपणे दोन प्रकारे सांगतात. एक, अंदाज गेला आणि शास्त्र आलं. दोन, कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात सूत्रांवरून भांडण झालं. मला दोन्ही वाचनं चुकीची वाटतात. मुद्दा कापणाऱ्याच्या हाताचा होता.

उभ्या धानात दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ आखलं, असं समजा. त्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूटच. म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड. त्या कडेवरची प्रत्येक लोंबी आत धरायची की बाहेर, हे विळा हातात असलेल्या माणसाला ठरवावं लागतं. आणि प्रामाणिक माणसाचा हातही भरलेल्या लोंबीकडेच जातो. ती आत येते. आता पाच मीटरचा चौकोन आखा. दर चौरस फुटामागे कड पाव फुटाहूनही कमी उरते, आणि हाताची ओढ तेवढीच क्षीण होते. सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये हेच मांडलं, की लहान तुकडे कापले की उतारा फुगतो.

यात एक बारकावा आहे आणि तोच सगळ्यांच्या हातून निसटतो. इकडे-तिकडे होणारी चूक नमुने वाढवले की आपोआप विरते. एकाच बाजूला झुकलेली चूक विरत नाही. हजार वर्तुळं कापा, लाख कापा, फुगवटा जागच्या जागी राहतो. उलट आकडा दिसायला भक्कम होतो, म्हणून जास्त घातक ठरतो. बैठकीतल्या त्या टक्केवारीला सुखात्म्यांचं उत्तर हेच असतं.

आणखी एक. महालनोबिसांचा भर वेगळ्या, खास तयार केलेल्या माणसांवर होता. सुखात्मे-पानशांनी कापणी महसूल आणि कृषी खात्याच्या नेहमीच्या माणसांकडेच सोपवली. ज्या पटवाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या दोष दिला गेला, त्याच्याच हातात विळा आणि दोरी दिली. फक्त शेत कुठलं, हे त्याने ठरवायचं नाही आणि तुकडा लहान ठेवायचा नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधमधून निघून लंडनला संख्याशास्त्रज्ञ नेमन-पिअर्सन यांच्याकडे शिकून आलेल्या सुखात्म्यांनी रचना बदलली आणि माणसावरचा विश्वास राखला. मला ही आपल्या प्रशासनातली फार मोठी गोष्ट वाटते.

आता ई-पीक पाहणीकडे येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. ज्याचं पीक त्याची नोंद, हे तत्त्व मला मनापासून पटतं. पण त्या नोंदीवर पुढे दुसरी कामं लादली गेली. आधारभूत केंद्रावर धान घालायचं तर पिकाची नोंद हवी. २०२३-२४ च्या हंगामात नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, बोनस जाहीर झाला. नोंदीला पैसा जोडला त्या दिवशी तिला उतार मिळाला. जिथे क्षेत्र वाढवता येतं तिथे ते वाढण्याकडे झुकणार. जो ठेक्याने किंवा बटईने कसतो, त्याचं नाव सातबाऱ्यावर नाहीच. जी बाई एकटी राहते, ज्याचा फोन साधा आहे, त्यांचा रकाना कोरा राहणार. ही कोरी जागा शिवारात कुठेही, कशीही पडत नाही. ती ठरावीक माणसांच्याच बांध्यांवर पडते. शेतात उभं राहूनच फोटो काढायची सक्ती केली, तर फोन कुठे होता एवढं कळतं. जो आलाच नाही तो नोंदीच्या नजरेबाहेरच राहतो.

मूळ रचनेत दहा टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या, अशी तरतूद होती. चांगली तरतूद. पण ते दहा टक्के निवडणार कोण? तुमसर-बालाघाट रस्त्यालगतच्या बांध्या पाहून काम उरकता येतं. चिठ्ठीत बावनथडीकडचा चिखलातला तुकडा निघाला, तर पायी तिथेच जावं लागतं. त्याहून महत्त्वाचं, चिठ्ठ्या कशाच्या करायच्या? नोंदी तपासायच्या म्हटलं, तर माझ्या त्या शेतकऱ्याची बांधी यादीत येऊच शकत नाही. चिठ्ठ्या गावातल्या सगळ्या गट नंबरांच्या करायला हव्यात, भरलेल्या आणि कोऱ्या. तेव्हा कधी ना कधी त्याचा नंबर निघेल, पटवारी त्या धुऱ्यावर येऊन उभा राहील आणि समोरचं धान त्याला दिसेल.