सापडणे आणि शरण येणे

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत एक जुने लोखंडी कपाट आहे. त्यात बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या ठेवलेल्या आहेत. काहींची पाने वाळवीने खाल्ली आहेत, काहींची शाई फिकी पडली आहे. तरीही अधूनमधून परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबातील कुणीतरी येतो, पणजोबांचे नाव सांगतो आणि मी वह्या उघडून बसतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक तरुण कॅनडातून आला होता. पणजोबांची नोंद सापडली तेव्हा त्याचे डोळे पाणावले. निघताना तो म्हणाला, "फादर, मी माझी लाळदेखील तपासणीला पाठवली आहे. त्यावरून दूरचे नातलगही सापडतात." तो गेल्यावर वही मिटताना माझ्या मनात आले, त्या तपासणीतून केवळ नातलगच सापडतात काय?

वाचकांपैकी काहींना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील ती घटना आठवत असेल. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८६ पर्यंत तेथे एक मनुष्य रात्री लोकांच्या घरांत शिरून अत्याचार करीत होता. १३ खून आणि पन्नासच्या आसपास बलात्कार त्याच्या नावावर जमा झाले. परंतु ते नाव कोणते, हेच कुणाला ठाऊक नव्हते. १९८० साली व्हेंचुरा येथे झालेल्या दुहेरी खुनाच्या वेळी गोळा केलेला पुरावा मात्र जपून ठेवला गेला होता. त्यातून मिळालेला डीएनए तपास अधिकाऱ्यांनी 'जेडमॅच' नावाच्या संग्रहाशी ताडून पाहिला. आपले पूर्वज शोधू पाहणाऱ्या सामान्य लोकांनी स्वतःहून आपली माहिती या संग्रहात ठेवलेली असते.

ही विद्या समजण्यास फार कठीण नाही. आपला निम्मा डीएनए आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरीने आठवा हिस्सा समान असतो. नाते दूर जाईल तसा हा हिस्सा घटत जातो, पण तो एकाएकी नाहीसा होत नाही. गुन्हेगाराचे जे आप्त त्या संग्रहात सापडले ते इतके दूरचे होते की त्यांचा समान पूर्वज खापरपणजोबांच्याही आधीच्या पिढीतला होता. तेथून खाली पिढ्यान्‌पिढ्या वंशवृक्ष मांडीत शोधक एका घरापर्यंत पोहोचले. त्या घरातील मनुष्याच्या मोटारीच्या दाराची मूठ आणि त्याने कचऱ्यात टाकलेला कागदी रुमाल यांवरून खात्री पटली. २४ एप्रिल २०१८ रोजी जोसेफ डीअँजेलो यास अटक झाली. तो तेव्हा ७२ वर्षांचा होता, मुलीनातीसह राहत होता, आणि ज्या काळात हे गुन्हे सुरू झाले त्या काळात तो स्वतः पोलीस खात्यात नोकरीस होता.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो. एवढ्या वर्षांनी एका म्हाताऱ्याला तुरुंगात टाकून काय साधले? आपल्याकडेही 'झाले गेले गंगेला मिळाले' असे म्हणण्याची रीत आहे. परंतु हे वाक्य बहुधा ज्याचे काही गेलेले नसते तोच उच्चारतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये न्यायालयात पीडित स्त्रिया आणि मृतांचे आप्त तीन दिवस बोलत होते. चाळीस वर्षे उलटली, तरी त्यांचा काळ त्या एका रात्रीपाशीच थांबला होता. उत्पत्तीच्या पुस्तकात आबेलाचे रक्त भूमीतून आक्रोश करते. तो आक्रोश किती वर्षांनी थांबतो हे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही.

कायद्याला मुदत घालावी लागते, कारण साक्षीदार मरतात, स्मृती दगा देते. डीअँजेलोवर बलात्कारांबद्दल खटला भरता आला नाही, कारण त्या काळच्या कायद्यातील मुदत केव्हाच संपली होती. जून २०२० मध्ये खुनांची कबुली देताना त्याने तेही गुन्हे मान्य केले. त्या बदल्यात देहदंडाची मागणी मागे घेण्यात आली आणि त्याला आजन्म कारावास झाला. काहींना ही शिक्षा सौम्य वाटली. मला तसे वाटत नाही. ज्या वर्षी त्याला अटक झाली त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात दुरुस्ती करून देहदंड अग्राह्य ठरविला. न्याय व्हावा, पण त्यासाठी आणखी एक जीव घेण्याची गरज नाही, ही भूमिका अशाच कठीण प्रसंगी कसास लागते.

या विद्येने प्रथम काय केले हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. डीएनएच्या ठशाचा शोध इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात १९८४ साली अॅलेक जेफ्रीज यांनी लावला. जवळच्याच गावांत १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. एका १७ वर्षांच्या मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या तपासणीने दाखविले की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. म्हणजे या विद्येने गुन्हेगाराला पकडण्याआधी एका निरपराध्याला सोडविले. खऱ्या गुन्हेगाराने तर रक्त देण्यासाठी आपल्या जागी एका सहकाऱ्याला पाठविले होते. त्या सहकाऱ्याचे बोलणे मद्यगृहात कुणाच्या तरी कानी पडले, आणि १९८८ साली त्या गुन्हेगाराला जन्मठेप झाली. यंत्राला माणसाच्या सद्‌सद्‌विवेकाची जोड लागते ती अशी.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्या दूरच्या भावंडांमुळे डीअँजेलो सापडला त्यांनी पूर्वज शोधण्यासाठी आपली माहिती दिली होती, नातलगाला धरून देण्यासाठी नव्हे. शिवाय मी माझी लाळ देतो तेव्हा माझ्या भावाचे, पुतण्याचे आणि अजून न जन्मलेल्या नातवंडांचेही गुपित देत असतो. त्यांची संमती कोण घेणार? याच तपासात २०१७ साली ऑरेगॉन राज्यातील एका शुश्रूषागृहातील निरपराध वृद्धाची संशयावरून डीएनए तपासणी झाली होती. पुढे २०१९ साली जेडमॅचने नियम बदलला आणि ज्यांनी स्पष्ट अनुमती दिली त्यांचीच माहिती पोलिसांना पाहता येईल असे ठरविले. हा बदल मला योग्य वाटतो. सत्य शोधण्याचे कार्य पवित्र असले, तरी लोकांच्या विश्वासाचा भंग करून ते करू नये. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र माझ्या अनुमतीने एखाद्या आईला तिच्या मुलीचा मारेकरी कळणार असेल, तर ती अनुमती मी आनंदाने देईन. ते दान आहे, आणि दान मागून घ्यायचे असते, हिसकावून नव्हे.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत जवळचा. त्या तीन दिवसांनंतर डीअँजेलो आपल्या चाकाच्या खुर्चीतून उठून उभा राहिला आणि सर्वांची कथने आपण ऐकली, आपल्याला खरोखर खेद वाटतो, असे म्हणाला. त्या शब्दांत किती अनुताप होता? परमेश्वर जाणे. कुणाचाही अंतःकाळचा पश्चात्ताप नाकारण्याचा अधिकार मला नाही. पण चाळीस वर्षे प्रत्येक सकाळी त्याला पोलीस ठाण्याचा रस्ता मोकळा होता, हेही खरे. डीएनए सांगतो की रक्त कोणाचे. हृदय पालटले की नाही हे तो सांगू शकत नाही. सापडणे वेगळे आणि शरण येणे वेगळे. जक्कयला कुणी पकडले नव्हते. प्रभू घरी आला तेव्हा तो स्वतः उभा राहिला आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले.

आपण बहुतेकजण खुनी नाही. पण भावाच्या वाट्याची वाडी आपल्या नावावर करून घेतलेली असते, सुनेवर खोटा आळ घेतलेला असतो, मजुराची मजुरी बुडविलेली असते. 'आता किती वर्षे झाली' असे म्हणून आपण पापनिवेदनातही त्या गोष्टीला वळसा घालतो. परमेश्वराची क्षमा त्वरित मिळते. ज्याचे नुकसान केले त्याचे देणे मात्र देईपर्यंत राहते. तो माणूस अजून हयात असेल, तर आपल्याला संधी आहे.

त्या लोखंडी कपाटातील बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येक नावापुढे समास सोडलेला असतो. पुढे विवाह झाला, गुरुदीक्षा झाली, की त्याची नोंद तेथे करतात. पापाचा रकाना तिच्यात नाही, आणि परतफेडीचाही नाही. तो रकाना ज्याचा त्याने भरायचा असतो, आणि तो कुणी शोधून काढण्याआधी भरलेला बरा.